नावेचा पाट कशाने कुजला

गेल्या वर्षी आमच्या गावच्या शाळेने एक स्मरणिका छापली. तीत तापीवरच्या जुन्या नावेविषयी दोन पानांचा लेख आहे. लेख लिहिणारा त्या काळच्या आमच्या पाटलांचा नातू आहे. नोकरीतून निवृत्त होऊन गावी परतलेला, बोलण्याचालण्यात सभ्य. त्या लेखात एक वाक्य असे आहे की, नाव भर पाण्यात फुटली, कारण सुताराने तिच्या पाटाला कच्चे लाकूड वापरले होते. तो सुतार म्हणजे माझे वडील. लेखात त्यांचे नाव घातलेले नाही. पण त्या काळी गावात सुताराचे घर एकच होते, आणि हे सांगणारे म्हातारे अजून चार-पाच जण जिवंत आहेत.

माझी ऐंशी उलटली. भांडायला जो दम लागतो तो आता छातीत राहिलेला नाही. पूर्वी मी अशा वाक्यासाठी माणसाला चावडीवर उभे केले असते. या वेळी मी काठी घेऊन त्याच्या घरी गेलो, ओट्यावर बसलो, पाणी प्यायलो आणि मग बोललो. तो हसून म्हणाला, "बाबा, इतक्या वर्षांनी काय फरक पडतो? आणि तुमचं तर मी कौतुकच केलंय की!"

कौतुक केले आहे, हे खरे. 'सुताराच्या तरुण मुलाने तीन दिवसांत नवा पाट बसवून नाव पुन्हा पाण्यात लोटली,' असे त्याने लिहिले आहे. तेही खोटे आहे. तीन दिवस नव्हेत, अकरा दिवस लागले, आणि त्यांतले निम्म्याहून अधिक काम वडिलांच्या हातचे होते. खोट्या दोषापेक्षा खोटे कौतुक मला अधिक टोचते. कारण दोषाशी वाद घालता येतो, कौतुकाशी वाद घालणारा माणूस वेडा ठरतो.

तेव्हा जे झाले ते मी क्रमाने लिहितो. पुढे शाळेत सुतारकाम शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली, त्यामुळे असे लिहिण्याची सवय आहे. घरात आम्ही अहिराणीच बोलत असू. ज्याचे बोलणे जसे होते तसेच मी ठेवले आहे.

काळ दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या तीन-चार वर्षांचा. आज पुलावरून बस पाच मिनिटांत पलीकडे नेते. तेव्हा शहाद्याकडच्या काठावरून नंदुरबारकडे जाणाऱ्याला आमच्या घाटावर नावेची वाट पाहत बसावे लागे. नाव मोठी होती. बैलजोडी, सुटी केलेली गाडी आणि दहा-बारा माणसे एका खेपेला मावत. अंग सागाच्या फळ्यांचे, आत बाभळीच्या वाकड्या लाकडांच्या बरगड्या. पुढचे तोंड निमुळते, पण मागची बाजू एका उभ्या रुंद फळीने सरळ बंद केलेली. या फळीला आम्ही पाट म्हणत असू. लांबीला चार हात, उंचीला सव्वा हात, जाडीला तीन बोटे. दोन्ही अंगांच्या आणि बुडाच्या फळ्यांची टोके याच पाटाला येऊन खिळलेली असत. म्हणजे पाट धरून राहिला तर नाव नाव राहते, पाटाने खिळे सोडले तर ती फळ्यांची मोळी होते. शिवाय काठाला नाव पाटाकडून लावण्याची आमच्या घाटाची रीत होती. पाटाच्या माथ्यावर दोन फळ्या टेकवीत आणि माणसे, जनावरे त्यावरून चढत. सगळ्या नावेत सर्वांत जास्त झीज या एका लाकडाची होई.

हे लाकूड वडिलांनी कसे मिळवले, ते मी स्वतः पाहिले आहे. म्हसावदच्या वरच्या डोंगरातला एक पावरा आदिवासी गाडीवर ओंडका घालून आला. झाडाच्या बुडाशी गोल साल काढून ते त्याने उभ्याउभ्याच वाळू दिले होते आणि मग अंधाऱ्या पंधरवड्यात तोडले होते, म्हणजे कीड लागत नाही. एवढे करून आणलेले लाकूडही वडिलांनी लगेच करवतीखाली घेतले नाही. दोन्ही तोंडांना शेण लिंपून ओंडका निंबाखाली दोन उन्हाळे पडू दिला. दुसऱ्या वर्षी तो पावरा बाजाराला आला, ओंडका तसाच पडलेला पाहून थांबला आणि त्याच्या मोडक्या अहिराणीत म्हणाला, "मिस्तरी, हाई झाड मरीसन दोन वरीस व्हयनं. आखो कितली वाट पाहशी?"

वडील रंध्याचे पाते घाशीत होते. मान वर न करता म्हणाले, "मरेल मानूसनी बी तेरा दिन वाट पाहतस. हाई ते साग शे."

अशा माणसाने कच्चे लाकूड वापरले, हे ज्याला लिहायचे असेल त्याने खुशाल लिहावे. पण लिहिण्याआधी मागे वळून आपला गोठा पाहावा. त्याच ओंडक्याची दुसरी फळी वडिलांनी पाटलांच्या गोठ्याच्या दाराला लावली होती. ती इतक्या वर्षांच्या शेणा-मुताला आणि पावसाला उभी राहिली आहे. लेखकमहाशय लहानपणी त्या दाराला लोंबकळून मोठे झाले. मी हे त्याला म्हणालो, तर तो म्हणतो, "ते दार? ते काढून आता पत्र्याचं करायचं चाललंय, बाबा." पुरावा मोडीत निघाला की पुराव्याची कटकटही जाते.

आता नाव फुटली म्हणतात त्या दिवसाविषयी. मी घाटावर होतो. भाद्रपद होता, पूर ओसरत होता, पाणी गढूळ आणि ओढीचे होते. नाव पलीकडून येत होती. तीत पाटलांची बैलजोडी होती, पाटील स्वतः होते, आठ-नऊ माणसे होती. काठ चाळीसेक हातांवर राहिला असेल तेव्हा डाव्या अंगाची खालची फळी पाटापासून दोन बोटे सुटली आणि पाणी आत येऊ लागले. नावाडी मागे होता. त्याने डोक्याचा फेटा ओढून त्या फटीत कोंबला, त्याला पाठ लावून तो खाली बसला आणि ओरडू लागला, "पुढे सरका! बठ्ठा पुढे सरका! उठू नका, हाई काय आखाजीना झोका शे का?"

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे मुली झाडाला झोके बांधून खेळतात. माणसे घाबरून तशीच उठत-बसत होती आणि नाव हेलकावत होती. त्याच्या या बोलण्याने एक-दोघे हसलेही, आणि हसले म्हणूनच बसले. दोघा वल्हेकऱ्यांनी नाव रेटली आणि ती छातीइतक्या पाण्यात वाळूवर टेकली. माणूस एकही गेला नाही. भर पाण्यात फुटणे याला म्हणत नाहीत. मात्र हेलकाव्यात एका बैलाने उडी घेतली. तो पोहणारा बैल होता, पण दोर दुसऱ्याच्या शिंगात अडकून त्याची मान पाण्याखाली गेली आणि दोर कापेपर्यंत ओढीने त्याला नेले. दुसऱ्या दिवशी तो खाली दोन कोसांवर सापडला. पाटील काठावर ओल्या धोतराने कितीतरी वेळ उभे होते. त्या बैलाला त्यांनी वासरू असताना हाताने भाकर चारली होती, हे मला माहीत आहे. त्यांच्या रागाविषयी माझी तक्रार नाही, तेव्हाही नव्हती.

इथवर मी इतरांची विधाने खोडली. आता मला एक आणखी विधान खोडायचे आहे, आणि ते करायला मी इतकी वर्षे लावली.

पाटाच्या आतल्या बाजूला देवीची दोन पावले कोरलेली होती. नदी ओलांडून पहिल्यांदा सासरी जाणारी प्रत्येक नवरी नावेत पाय ठेवण्याआधी तांब्याभर तापीचे पाणी त्या पावलांवर ओती आणि तेलात कालवलेला शेंदूर बोटाने लावी. लग्नसराईत दिवसाला चार-चार नवऱ्या जात. शेंदरावर शेंदूर चढून तिथे चार बोटे जाडीचा थर झाला होता. पावले केव्हाच दिसेनाशी झाली होती, नुसता तांबडा उंचवटा होता. पाणी रोज पडे आणि त्या थरामागे मुरे. नावाडी त्याला हात लावू देत नसे. म्हणे, मायच्या अंगावरचे लुगडे आहे.

लोक जेव्हा जेव्हा वडिलांच्या लाकडाला नावे ठेवत तेव्हा मी हेच सांगत आलो, की लाकडाचा दोष नव्हता. शेंदराने आणि नवऱ्यांच्या पाण्याने पाट खाल्ला. बाजारात सांगितले, लग्नात सांगितले, शाळेत मुलांना ओलाव्याचा धडा शिकवताना फळ्यावर आकृती काढून सांगितले. सांगणारा सुतार होता, त्यामुळे पुष्कळांना ते पटले. आता पाट उघडला त्या दिवशी काय दिसले ते लिहितो.

नाव वाळूवर ओढून आणली होती, आणि ती पालथी घालण्याआधी पाट काढायचा होता. पाटील होते, गावातली पंधरा-वीस माणसे होती. मी शेंदरावर पटाशी ठेवली तसा नावाडी मध्ये आला. "थांब! पह्यले मायले इचारू दे." त्याने पाटावर ओल्या तांदळाचे दोन दाणे चिकटवले आणि हात जोडले. "माय, तुले उठाडी ऱ्हायनूत. राग धरू नको. नवा पाट करी देसूत." दाणा पडेपर्यंत आम्ही सगळे उन्हात उभे राहिलो. उजवा दाणा पडला, म्हणजे हुकूम मिळाला. मग मी त्या थराच्या कडेने पटाशी फिरवली आणि तो अख्खा, परातीसारखा, सुटून हातात आला. नावाडी तो घेऊन कमरेइतक्या पाण्यात गेला आणि त्याने तो सोडून दिला.

शेंदराखालचे लाकूड काळे पडले होते, ओले होते, पण पटाशी त्यात फार तर नखभर शिरली. वडील पुढे झाले. त्यांच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू उतरू लागले होते, हात कापत होते. पण लाकडावर हात ठेवला की तो थांबे. त्यांनी आतली बाजू चाचपली, मग वाकून बाहेरच्या बाजूला गेले आणि लाकडी हातोड्याने हलकेच ठोकू लागले. आधी टणक आवाज आला. खाली जाता जाता आवाज बसला. त्यांनी अंगठा टेकून दाबला. वरचे काळे कातडे फाटले आणि अंगठा दुसऱ्या पेरापर्यंत आत गेला. आतले लाकूड भिजल्या गुळासारखे होते. कुजणे बाहेरच्या बाजूने होते. जिथे डांबर होते तिथे.

ते डांबर मी लावले होते.

वडिलांची रीत अशी. आखाजी झाली, नदीला उतार पडला आणि गाड्या उथळ पाण्यातून पलीकडे जाऊ लागल्या, की नाव वर ओढायची. पाटाची बाहेरची बाजू खरवडून उघडी करायची आणि मृगापर्यंत तशीच ऊन खाऊ द्यायची. नाव पाण्यात लोटण्याच्या आदल्या दिवशी करंजीचे तेल गरम करून पाजायचे, बस. आतून शेंदराने तोंड बंद झालेले लाकूड बाहेरून महिनाभर श्वास घेई, आणि वर्षभर प्यायलेले पाणी सोडून देई. शेंदूर होता, नवऱ्या होत्या, तांबे होते, आणि तरीही त्या पाटाने अकरा पावसाळे काढले. अकरा. शेंदराला दोष देताना हा आकडा मी नेहमी गाळत आलो.

बाराव्या उन्हाळ्यात हे काम वडिलांनी माझ्याकडे सोपवले. त्या वर्षी वळीव दोनदा पडला. पाट ओला होता. मी रेल्वे स्टेशनाकडून डांबराचा डबा आणला होता. तिकडे लाकडी खांबांना डांबर देतात हे मी पाहिले होते आणि आपल्या गावात ते पहिल्यांदा मी आणले याची मला घमेंड होती. वडील काठी टेकत नावेपाशी आले, त्यांनी पाटाला गाल लावला आणि म्हणाले, "वल्लं शे. थांब."

मी म्हणालो, "नाना, डांबर दिन्हं का पानी आत जाऊच शकत नही."

"आतमाधलं भायेर कसं ई मंग?"

मी डब्याचे झाकण उचकटले. ते घरी गेले आणि मी दोन हात डांबर फासले. नाव चकाकू लागली. नावाडी भोवती फिरून म्हणाला, "मिस्तरी, नाव ते मुऱ्हा म्हैसनी मायक दिखी ऱ्हायनी! आते हिले दूध बी काढा." मला ते फार आवडले होते. पुढच्या उन्हाळ्यात तर खरवडायचेही कारण राहिले नाही. वरून आणखी एक हात दिला. आत शेंदूर, बाहेर डांबर, मध्ये अडकलेले पाणी. अकरा पावसाळे टिकलेला पाट दोन पावसाळ्यांत संपला.

वडिलांनी अंगठा बाहेर काढला, त्याला लागलेले डांबर आणि कूज धोतराला पुसली आणि माझ्याकडे पाहिले. फार वेळ नाही. मला वाटले, आता बोलतील. पंधरा-वीस माणसांसमोर बोलतील आणि ते योग्यच होईल.

पाटील पुढे आले. म्हणाले, "मिस्तरी, हाई लाकूड कोननं?"

वडील म्हणाले, "मन्हं. लाकूड मन्हं, पाट मन्हा, हात बी मन्हा."

"कच्चं व्हतं?"

"आते ते सडेल शे, पाटील. कच्चं काय नि पक्कं काय."

हे शब्द मी जसेच्या तसे देतो आहे, कारण लेखातले वाक्य यांतूनच जन्मले. वडिलांनी लाकूड कच्चे असल्याचे कबूल केले नाही. नाकारलेही नाही. ते ज्यांना ऐकायचे होते त्यांनी ऐकले. पाटील एवढेच म्हणाले, "मन्हा बैल कच्च्या लाकूडनी खाधा," आणि निघून गेले. मी तिथेच होतो. माझ्या हातात पटाशी होती. मी पाटाचे खिळे काढायला सुरुवात केली, जणू त्या वेळी सर्वांत निकडीचे काम तेच होते.

नावेशिवाय दोन्ही काठांचे अडले होते, आणि पाटाजोगते वाळलेले लाकूड गावात नव्हते. होते ते पाटलांच्या गोठ्याला. मी ते सुचवले तेव्हा वडिलांनी मान हलवली आणि आमच्याच घराचे दार उतरवायला सांगितले. ते आजोबांच्या हातचे होते. उरलेला पावसाळा आमच्या घराने गोणपाटाच्या पडद्यावर काढला. पाटाजवळच्या अंगाच्या फळ्याही वीतभर मऊ झाल्या होत्या. त्या निरोगी लाकडापर्यंत कापल्या आणि नवा पाट वीतभर आत घेतला. नावाड्याने लांबी मोजून पाहिली. "मिस्तरी, नाव आखूड व्हयनी. आते एक पाटील कमी बसी." त्या अकरा दिवसांत वडील हसले ते तेवढ्यापुरते. सांध्यांत कापूस आणि राळ ठासली, कडांना कढत तेल पाजले, डांबराचा थेंबही जवळ येऊ दिला नाही. देवीची पावले वडिलांनी वेगळ्या हातभर फळीवर कोरली आणि ती फळी पाटाला आतून कडीने टांगली, म्हणजे शेंदूर तिच्यावर चढावा आणि उन्हाळ्यात तिला काढून ठेवता यावे. कापऱ्या हातांनी ती बोटे कोरताना मी पाहत होतो. नवरी ओतते ते पाणी पाट आणि फळी यांच्या मधून खाली निघून जाई. ही युक्ती माझी म्हणून लोक सांगतात. तीही माझी नव्हे.

नाव पाण्यात गेली त्या दुपारी आम्ही दोघे जेवायला बसलो होतो. मी भाकरी मोडली आणि म्हणालो, "नाना, डांबर मी लावं व्हतं."

"माले डोया शेतस."

"मंग तुम्ही सांगं काबर नही?"

त्यांनी घास गिळला, पाणी प्यायले. "काय सांगू? तुले आखो चाळीस वरीस काम करनं शे. मन्हं सरनं. सरेल मानूसले डाग लागना ते काय व्हस?" मग म्हणाले, "पन आते वल्लं लाकूड दिखनं का थांबशी."

"थांबसू."

"मंग खा."

त्यानंतर वडिलांकडे कोणी मोठे काम आणले नाही. औताचे दांडे, पाळण्याच्या पट्ट्या, एवढेच. दारे, चौकटी, गाड्या माझ्याकडे येऊ लागल्या. पाटलांच्या नव्या माडीचे सगळे काम मीच केले. वडील चार वर्षांनी गेले. तोवर मी रोज सकाळी ठरवी की आज चावडीवर जाऊन सांगायचे, आणि रोज कोणीतरी काम घेऊन दारात उभा असे. ते गेल्यावर मी त्यांची बाजू घेऊ लागलो. पण बाजू घ्यायची म्हणजे दोष कोणावर तरी टाकावा लागतो, आणि देवी काही भांडायला येत नाही. अशा रीतीने शेंदराची गोष्ट तयार झाली. सांगून सांगून तिला इतकी धार आली की पुढे पुढे मलाच ती खरी वाटे.

नावाड्याच्या शेवटच्या दिवसांत मी त्याला भेटायला गेलो होतो. नाव केव्हाच बंद झाली होती. तो खाटेवर पडून होता, नजर शाबूत होती. त्याने माझा हात धरला आणि विचारले, "मिस्तरी, खरंच मायनं खाधं का रे ते लाकूड? तू शाळाम्हा पोऱ्यासले बी तेच शिकाडस म्हने." त्याने जन्मभर त्या शेंदराला जपले होते. माझ्या बोलण्यामुळे घाटावरच्या नवऱ्यांनी पुढे पुढे शेंदूर लावणेच सोडले, आणि त्याबद्दल तो मला एका शब्दानेही बोलला नव्हता. तिथे आम्ही दोघेच होतो. मी "हां" म्हणालो. तो "बरं" म्हणाला आणि त्याने कूस बदलली.

हे लिहायला बसण्यापूर्वी पाटलांच्या नातवाचे म्हणणे मी पुष्कळ दिवस मनात घोळवले, की इतक्या वर्षांनी काय फरक पडतो. नावेला पडत नाही. बैलाला पडत नाही. मी आता थकलो आहे, आणि एक खोटे खोडायला दुसरे वापरावे इतके त्राण माझ्यात उरलेले नाही. म्हणून स्मरणिका पुन्हा छापली जाणार असेल तर त्या वाक्याच्या जागी काय घालायचे तेच सांगून ठेवतो. पाट उभ्या वाळलेल्या सागाचा होता आणि तो करणाऱ्या सुताराने त्यात काही कमी केले नव्हते. त्याच्या मुलाने, बापाने थांबवले असताना, ओल्या लाकडावर डांबर फासले, त्याने तो कुजला. एवढा मजकूर दोन ओळींत मावतो. जागा कमी पडत असेल तर माझे कौतुक काढून टाकावे.